भांगकाकांच्या टाकीतलं रान

भांगकाका हे नाव नशेपाण्यावरून पडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस इतका साधा, की चहा जरा कडक झाला तरी त्यात गरम पाणी ओतून पितो. नाव पडलं ते डोक्यावरच्या भांगावरून. वाकडा भांग त्यांना बघवत नाही. ओळखीचं कुणी भेटलं की बाकीची माणसं आधी चेहऱ्याकडे बघतात, काका आधी डोक्याकडे बघतात. "जरा थांबा हं," म्हणेपर्यंत खिशातला कंगवा बाहेर आलेला असतो. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी गृहस्थांच्या डोक्याला त्यांनी मागूनच हात घातला. गृहस्थ दचकून पाकीट चाचपायला लागले. काका म्हणाले, "पाकीट राहू द्या हो, भांग सांभाळा."

केस कापायचं दुकान घराच्या खालीच. दोन खुर्च्या, कडेने काळवंडलेला आरसा, तेलापाण्याच्या बाटल्यांची फळी आणि दाराशी एक बाक. त्या बाकावर बसून अख्ख्या गल्लीने आपापले संसार काकांना ऐकवले. काका 'हं' सुद्धा म्हणायचे नाहीत, नुसती कात्री चालत राहायची. कात्रीचा आवाज थांबला की समजायचं, काकांना हे काही पटलेलं नाही.

मग हात थरथरायला लागला.

पहिली चहाडी बशीने केली. तिच्यात कप वाजायला लागला. काका म्हणाले, बशीच नीट नाही. वर्तमानपत्र फडफडायला लागलं तेव्हा म्हणाले, पंख्याचं वारं आहे. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणून काकू हसल्या, पण स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी देवाचं नाव घेतलं. शेवटी एका सकाळी दुकानात, निवृत्त हेडमास्तरांच्या कानाला कात्रीचं टोक लागलं. थेंबभर रक्त आलं. हेडमास्तर भला माणूस. आरशात बघून म्हणाले, "असू द्या. ह्या कानाने मला तसंही कमीच ऐकू येतं." सगळं दुकान हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी कात्री पुसली आणि शेजारच्या खुर्चीशी उभ्या असलेल्या पुतणीच्या हातात दिली.

पुतणी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. पण त्या दिवशी तिने कात्री हळूच घेतली. एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही बसा की इथेच. गिऱ्हाइकं निम्मी तुमच्या गप्पांसाठी येतात."

काकांनी बसून पाहिलं. पण मांडीवर ठेवलेली बोटं आपोआप उघडमीट करायची, हवेतच कुणाचे तरी केस कापल्यासारखी, आणि ते समोरच्या आरशात सगळ्यांना दिसायचं. काका वर घरी येऊन बसायला लागले.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. काम करायला गेलात की थरथरेल, स्वस्थ ठेवलात की थांबेल. काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "म्हणजे हाताला काम दिलं नाही तर हात चांगला! मग असा हात ठेवायचा कशाला? कोटासारखा खुंटीला लावून ठेवतो."

काकू भाविक बाई. सकाळची कामं हातावेगळी केली की बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून देवाचं नाव घेतात, आणि देवाशी बोलायचं झालं तर घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. त्यांनी मागणं घातलं, "ह्यांचा हात बरा कर." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "नाहीतर ह्या हाताला झेपेल असं काही काम दे. दोन्हीतलं तुला जे सोपं पडेल ते."

देवाला काय सोपं पडलं कोण जाणे, पण त्याच सुमारास काकूंचा धाकटा भाऊ घरात एक काचेची टाकी घेऊन आला.

ह्या मेहुण्याचा धंदा म्हणजे लोकांच्या माशांच्या टाक्या सांभाळणं. दवाखाने, हॉटेलं, बड्या लोकांचे दिवाणखाने, जिथे म्हणून काचेत मासे फिरतात तिथे हा बादल्या आणि नळ्या घेऊन फिरतो. एका डोळ्यांच्या दवाखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी काढून टाकायची होती. मेहुण्याने ती दगडांसकट, माशांसकट उचलली आणि काकांच्या बाहेरच्या खोलीत आणून मांडली.

"दाजी, मासे सांभाळा. मन रमेल."

"मन रमवायला मला काय दात यायचे आहेत?" काका म्हणाले. पण खुर्ची ओढून टाकीसमोर बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात.

टाकी होतीच तशी. तळाला पांढरी वाळू, तिच्यावर भोकाभोकांचे दगड, आणि दगडांवर प्रवाळं. प्रवाळ बघायला दगडासारखं किंवा झाडासारखं, पण असतो तो जीव. त्यातलं एक छत्रीसारखं होतं: जाड देठ, वर गोल टोप, आणि टोपावर शेकडो बारीक बोटं पाण्यात डुलणारी. काकू त्या छत्रीवर भाळल्या. आता सकाळी देवाचं नाव घ्यायला त्या खिडकीकडे पाठ आणि टाकीकडे तोंड करून बसू लागल्या. म्हणायच्या, "एवढंसं आहे, पण बघा, हजार हात जोडून बसल्यासारखं दिसतं."

मासेही होते: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी आणि एक पिवळाधमक, चपट्या अंगाचा, सदा घाईत असलेला. त्याला पुतणीने 'इन्स्पेक्टर' नाव दिलं.

काकांचा एकच दोष. दुकानात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही कधी, तोच हात माशांवर. मासे काचेशी आले की, "आले बघ बिचारे," म्हणून चिमूट टाकायची. मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं कुजायला लागलं. थोड्याच आठवड्यांत दगडांवर तपकिरी, बुळबुळीत केस उगवले. होय, केसच. बोटभर लांब, शेंबडासारखे लोंबणारे. काका टूथब्रशने घासायचे, पुन्हा उगवायचे. काकू म्हणायच्या, "तुमच्या घरी केस कमी पडू नयेत अशी देवाची इच्छा दिसते."

मेहुणा आला, पाणी तपासलं आणि म्हणाला, "दाजी, हे पाणी नाही, खत आहे. मासे जेवढी घाण करतात तेवढी ती खाणारंही कुणीतरी पाहिजे." पुढच्या खेपेला त्याने ओल्या पिशवीतून एक हिरवी डहाळी आणली. मोरपिसासारखी पानं, खाली दोऱ्यासारखं मूळ. समुद्रातलं शेवाळच, पण पानाफुलाचा आव आणणारं. "हे भराभर वाढतं. वाढताना पाण्यातलं खत ओढून घेतं आणि त्या बुळबुळ्याला उपाशी मारतं. पण हेही बेशिस्तच आहे. काहींकडे गुणाने राहतं, काहींकडे टाकीचं जंगल करतं. आमच्या धंद्यात ह्याच्यावरून माणसं भांडतात. ठेवावं की न ठेवावं, मला विचाराल तर माझंच नक्की नाही. एका कोपऱ्यात ठेवून बघू. वाढलं की थोडं थोडं कमी करत जा, म्हणजे झालं."

कमी करत जा! मेहुणा हे बोलून बादल्या उचलून निघून गेला. कमी कसं करायचं हे त्याने सांगितलं नाही, कारण त्याच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. हाताने दोरा धरायचा, मुळासकट उचलायचा आणि बाहेर. पण जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाला 'वाढलंय, कमी करा' म्हटल्यावर तो दुसरं काय करणार?

डहाळी आठवडाभरात वीतभर झाली. काकांनी दुकानातून आपली जुनी लांब पात्यांची कात्री वर मागवली, उकळत्या पाण्यातून काढली, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात टाकीत घातला.

आणि हात थांबला की! अगदी थांबला नाही, पण पाण्याने त्याला सगळीकडून धरल्यासारखं केलं. जी थोडी थरथर उरली तिचं कुणाला काय? पाण्यात सगळंच हलत होतं. पानं हलत होती, छत्रीची बोटं हलत होती, इन्स्पेक्टर तर कधी स्थिर नव्हताच. त्यात एक हात हलला तर कुणाच्या लक्षात येणार? काकांनी पहिलं पान कापलं. कच्च. पाण्यातून आवाज आला नाही, पण काकांना तो ऐकू आला.

तिथून काका बदलले. सकाळी उठल्याबरोबर टाकीशी. "आज बाजूने घेऊ, वरून राहू दे." काकू म्हणायच्या, "गिऱ्हाइकाला विचारलंत का?" काका म्हणायचे, "ह्या गिऱ्हाइकाची एकच गोष्ट चांगली, सरकारवर बोलत नाही." खालची जुनी माणसं केस कापून झाले की वर बघायला यायची. हेडमास्तर टाकीपुढे वाकून म्हणाले, "काका, ह्याचा भांग कोणत्या बाजूला?" काकांनी खरंच मधोमध भांग पाडला होता. सगळे हसले, आणि ह्या वेळी काकांचं हसू सगळ्यांत मोठं होतं.

दगडांवरचे बुळबुळीत केसही खरोखर कमी झाले होते. त्यामुळे कुणाच्या मनात शंका यायचं कारण नव्हतं.

पण बाहेर माणसाचे केस कापले की ते फरशीवर पडतात आणि झाडून टाकता येतात. पाण्यात कापलेलं खाली पडत नाही, प्रवाहाबरोबर फिरत राहतं. काका मोठे तुकडे चिमट्याने काढायचे, बारीक सारीक राहून जायचं. आणि ह्या हिरव्या बयेची खोड अशी, की नखाएवढा तुकडा दगडाच्या भोकात अडकला तरी तिथे मूळ धरायची. काका एका डोक्याचे केस कापत होते आणि प्रत्येक केसाचं नवं डोकं होत होतं. महिन्याभरात कोपरा भरला, मग मधला दगड, मग मागची काच. नारिंगी जोडी हिरव्यातून वाट काढत फिरायला लागली. बोट दिलं तर हात धरला म्हणतात, ह्याने दंड धरला होता.

सगळ्यांत आधी काकूंच्या लक्षात आलं.

"अहो, माझी छत्री मिटलीय."

"झोपली असेल."

"सकाळच्या प्रहरी? सगळी बोटं आत घेतलीत तिने. आणि हे बघा, हिच्या गळ्याला हिरवा दोरा."

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. मोरपिशी शेवाळाचं एक मूळ छत्रीच्या देठाला विळखा घालून वर चढलं होतं, आणि वरच्या पानांची सावली टोपावर पडली होती. काकांनी ते कात्रीने कापलं. अर्थातच कात्रीने.

मेहुणा आला आणि टाकी बघून त्याने डोक्याला हात लावला. "दाजी, हे काय लावलंय? मी एक डहाळी दिली होती, रान नव्हतं दिलं!"

"वाढतंय ते. मी कमी करतोच आहे."

"कशाने?"

काकांनी अभिमानाने कात्री दाखवली. मग मेहुण्याने काकांची जी बिनपाण्याने केली, ती गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या माणसाला करता आली नसती. "कात्री? दाजी, हे कापायचं नसतं! कापलं की त्याच्या अंगातलं पाणी टाकीत उतरतं, तुकडे होतात, तुकड्यांची पोरं होतात! सगळं उपटून टाका. एक पान ठेवू नका. मी फेस काढायचं यंत्र आणून देतो, ते घाण आपोआप बाहेर काढतं. तुम्हाला हातसुद्धा लावायला नको."

हातसुद्धा लावायला नको! मेहुण्याला वाटलं, आपण केवढी सोय सांगितली. काकांची बोटं मांडीवर उघडमीट करत राहिली. काकूंनी ती पाहिली आणि भावाला म्हणाल्या, "चहा घे आधी. यंत्राचं नंतर बघू."

भावाच्या पाठीवर दार लागलं तशा त्या नवऱ्याशेजारी बसल्या. "काय हो, उपटायचं का मग?"

"बघू," काका म्हणाले. "जरा नीट कमी करून बघतो. शिस्त लावली की ऐकेल."

शिस्त लावायला त्यांनी दुसऱ्याच दिवशी पूर्ण टाकी हाती घेतली. सकाळी सुरू केलं ते जेवण विसरून. मागची काच, मधला दगड, कोपरा, सगळं बारीक, एकसारखं, लष्करात भरती झालेल्या पोराच्या डोक्यासारखं. संध्याकाळी टाकी अशी दिसत होती की कुणीही म्हणावं, वा! काका दमून पण समाधानाने झोपले.

अति तिथे माती. सकाळी काकू देवाचं नाव घ्यायला बसल्या, डोळे मिटले, उघडले आणि किंचाळल्या, "अहो, टाकीत दूध कुणी ओतलं?"

पाणी पांढरं झालं होतं. कापून कापून जेरीला आलेल्या शेवाळाने जीव सोडला होता. हिरवी पानं काचेसारखी आरपार झाली होती आणि त्यांच्यातलं सगळं पाण्यात उतरलं होतं. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडं उघडत होते. इन्स्पेक्टर, जो कधी थांबायचा नाही, तो एका कोपऱ्यात थांबला होता.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात एक थेंब रक्त काढलं होतं तर त्यांनी दुकान सोडलं होतं. इथे अख्खं घर गुदमरत होतं.

काकूंनी वेळ घालवला नाही. भावाला फोन केला, जिन्यातून खाली पुतणीला हाक मारली. पुतणी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून तशीच धावत वर आली. "आधी वारं घाला," मेहुणा फोनवर ओरडला, "पाणी हलवा, ढवळा, काहीही करा!" पुतणीने मगाने पाणी उपसून उंचावरून परत ओतायला सुरुवात केली. काका दुसरा मग घेऊन तेच करत होते. मेहुणा खाऱ्या पाण्याचे कॅन घेऊन पोचला तेव्हा खोलीत पाऊल ठेवायला कोरडी जागा नव्हती, आणि दारात गालाला वाळलेला फेस लागलेला एक गृहस्थ विचारत होता, "माझी उरलेली दाढी आज होणार आहे का?"

"तुम्हीही मग घ्या!" काकू म्हणाल्या. आणि त्याने घेतला.

अर्धंअधिक पाणी बदललं. हवा सोडणाऱ्या नळ्या घातल्या. सडलेलं शेवाळ ओंजळींनी बाहेर काढलं. दुपार कलताना पाण्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली. नारिंगी जोडी खाली उतरली. मग इन्स्पेक्टरने कोपरा सोडला, एक फेरी मारली आणि अख्ख्या टाकीची तपासणी केली. पुतणी ओल्या फरशीवरच बसून हसायला लागली. छत्री मात्र मिटलेलीच होती, मलूल, एका बाजूला कललेली.

"तर ठरलं," मेहुणा हात पुसत म्हणाला. "ह्या घरात पुन्हा शेवाळ नाही. यंत्र आणतो."

"आण," काका म्हणाले. "माझ्या हाताला काही देऊ नका. माणसाचा कान असो की पाण्यातलं पान, हा हात नासवतोच."

तेव्हा काकू बोलल्या. मोठ्या आवाजात बोलायची सवय त्यांना नाही, पण त्या दिवशी ओल्या पदराचा पिळा काढत त्या नीट उभ्या राहिल्या.

"मला एक सांगा, तुम्ही ते पाणी साफ राहावं म्हणून कापत होतात?"

काका मगाचा ओला कान पुसत राहिले.

"कापायला काहीतरी हवं होतं म्हणून कापत होतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नाही, कारण तुम्ही जेवायला लागला होतात. माझी छत्री गेली तर मला वाईट वाटेल, पण तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसलात तर त्याहून वाईट वाटेल." मग भावाकडे वळल्या. "आणि तू शहाण्या! यंत्र, यंत्र! घरात पटत नाही म्हणून सुनेला हाकलून द्यायचं का? तिला वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं. शेवाळाला वेगळी खोली नसते का रे?"

मेहुण्याने टाकीखालचं कपाट उघडून पाहिलं. "असते की, ताई. टाकीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी ठेवतात. वरचं पाणी खाली उतरतं, खालचं वर चढतं. पण सांभाळायला—"

"सांभाळायला माणूस आहे घरात. रिकामाच बसलाय."

पुतणी म्हणाली, "मामा, तुमच्या ताईने सुनावलं की तुमचं असं पाणी पाणी कधीपासून होतं हो?"

"लहानपणापासून," मेहुणा म्हणाला.

अशा रीतीने कपाट रिकामं झालं. त्यातली जुनी भांडी पलंगाखाली गेली, आत लहान टाकी बसली, वर दिवा लागला. ह्या खेपेला मेहुण्याने दुसऱ्याच जातीचं शेवाळ आणलं. ते बघून काका दचकले. पान नाही, देठ नाही, मूळ नाही. नुसता हिरव्या तारांचा गुंता, वर्षानुवर्षं कंगवा न लागलेल्या डोक्यासारखा.

"हे असं ठेवायचं? विंचरायचंसुद्धा नाही?"

"विंचरायचं नाही, कापायचं नाही, भांग तर अजिबात पाडायचा नाही," मेहुण्याने हात जोडले. "हे मुळं धरत नाही, म्हणून बरं. पण कापलंत तर बारीक तारा पंपात जातील. वाढलं की निम्मं हाताने ओढून काढायचं, निम्मं ठेवायचं. बस."

"म्हणजे उपटायचं," काका तोंड वाकडं करून म्हणाले. "आयुष्यभर लोकांचे केस कापले, उपटले कुणाचेच नाहीत. म्हातारपणी हेही बघायचं होतं."

पण सांभाळलं त्यांनी. चिमूट आखडती घेतली, हा त्यातला सगळ्यांत कठीण भाग. कपाटाचं दार उघडून रोज गुंता उलटापालटा करायचा, म्हणजे सगळ्या बाजूंना उजेड मिळतो. गुंता फुगत गेला, तसे वरच्या दगडांवरचे बुळबुळीत केस विरळ होत गेले. काकूंच्या छत्रीने एके दिवशी अंगावरची मेणासारखी साल टाकली आणि दोन-चार बोटं बाहेर काढून पाहिली. काकूंनी त्या दिवशी देवाशी जरा जास्तच वेळ गप्पा मारल्या.

पहिल्यांदा निम्मा गुंता काढायची वेळ आली तेव्हा मेहुणा मुद्दाम आला. कात्री कुठे दिसत नाही ना, हे त्याने आधी पाहिलं.

"आता एक काम. हा गुंता असाच फेकायचा नाही. ह्याच्यात बारीक बारीक जीव राहतात, कोळंबीची नातवंडं म्हणावीत इतके बारीक. वरचे मासे तेच खातात. परातीत टाकीचंच पाणी घ्यायचं, त्यात ते झटकायचे आणि पाणी परत वर ओतायचं. असं." त्याने गुंता परातीवर धरून झटका दिला. पाणी उडालं, थेट काकूंच्या नुकत्याच पुसलेल्या भिंतीवर. तारा तुटून पडल्या. जीव मात्र आतच घट्ट बसून राहिले.

"भिंत पुसून जायची," काकू म्हणाल्या.

"हळू करतो." त्याने हळू केलं. काहीच पडलं नाही.

"दे इकडे," म्हणून काकांनी गुंता हातात घेतला आणि परातीतल्या पाण्यात अर्धवट बुडवून धरला. नुसता धरला. हात पाण्याबाहेरच होता, तो नेहमीसारखा थरथरायला लागला, बारीक, एका लयीत, न थांबता. पाण्यावर लहान लहान वलयं उठली. आणि गुंत्यातून ते जीव खाली पडायला लागले. पांढरे, राखाडी ठिपके, शेकड्यांनी, पिठाच्या चाळणीतून पीठ गळावं तसे. परातीत नुसती वळवळ झाली.

हसावं की नको, हे कुणाला कळेना. मग काकाच हसायला लागले. हसले की त्यांचा हात आणखी हलायचा, आणि आणखी जीव पडायचे, म्हणून ते आणखी हसायचे. काकूंनी तोंडाला पदर लावला, तो डोळ्यांनाही लावावा लागला.

"दाजी," मेहुणा परातीवर वाकून म्हणाला, "एवढे मला अख्ख्या वर्षात पाडता आलेले नाहीत."

"तुझा हात फार स्थिर आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "त्याला काही इलाज नाही."

आता काढलेल्या गुंत्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला नाही. मेहुण्याच्या गिऱ्हाइकांच्या टाक्यांत बुळबुळ्याचा त्रास आहेच. परवाच तो म्हणाला, "दाजी, दातांच्या दवाखान्यातल्या टाकीला एक मूठ द्या. आत्ताच नेतो."

काका गुंता पाण्यात तसाच धरून बसले. "कपाट आहे का त्यांच्याकडे?"

"आहे."

"वेगळा दिवा?"

"लावतो."

"आणि दर थोड्या दिवसांनी ओढून काढणार कोण? झटकणार कोण? डॉक्टर दात काढतील की शेवाळ काढतील?"

"अहो दाजी, शेवाळ नेतोय, मुलगी नाही मागत तुमची!"

"मुलगी असती तर एवढं विचारलं नसतं, ती स्वतःच तुला जाब विचारत बसली असती," काका म्हणाले. हात पुसला, जिन्याशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि खाली दुकानाकडे तोंड करून ओरडले, "पोरी, मी जरा बाहेर जातोय! कुणी विचारलं तर सांग, कामावर गेलेत!"

"ते कॅन घे रे तू," मग मेहुण्याला म्हणाले, "आणि चल. घर बघितल्याशिवाय मी काही देत नाही."